आतला कागद

रायपूरहून जाताना अभनपूरच्या थोडं अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत वळलं की धानाच्या बांध्यांमध्ये विजेचं एक जुनं उपकेंद्र लागतं. आसपासच्या गावांना, राइस मिलना आणि नव्या रायपूरच्या काही सेक्टरांना तिथूनच वीज जाते. त्या आवारात दोन मोठे ट्रान्सफॉर्मर होते. दोघंही एकाच कारखान्यात, एकाच वर्षी घडलेले. चाळिशी दोघांचीही कधीच उलटली होती. पण बघणाऱ्यानं त्यांना सख्खे भाऊ म्हटलं नसतं. एक नंबर राखाडी रंगात नुकताच न्हाल्यासारखा, कुठे डाग नाही, आवाजही बारीक. दोन नंबरच्या अंगावरून तेलाचे काळे ओघळ, तेल थंड करणाऱ्या पत्र्यांना गंज, पायाशी गळतं तेल शोषायला वाळू पसरलेली, आणि घरघर अशी की फाटकाशी उभ्या माणसाला ऐकू यावी.

या उपकेंद्राचा कार्यकारी अभियंता रणजित मोहोड. वडील रेल्वेच्या नोकरीत अमरावतीकडून रायपूरला आले आणि रणजित इथल्याच डब्ल्यूआरएस या रेल्वे कॉलनीत वाढला. माणूस कामाचा. वादळात खांब पडले तर स्वतः लाइनमनबरोबर चिखलात उतरणारा. फक्त एकदा काही ठरवलं की त्याच्या मनाची गाडी रूळ बदलत नसे.

वीज कंपनीनं या उपकेंद्रासाठी एकच नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर केला होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो येणार होता. दोघांतला कोणता काढायचा, हे रणजितच्या लेखी ठरलेलंच होतं. दोन नंबर. साहेबांनाही त्यानं तसं सांगून टाकलं होतं. उरला होता तो फक्त चाचणी विभागाचा शिक्का, म्हणजे आतलं विद्युतरोधन खरंच संपलं आहे, असा अहवाल.

तो अहवाल द्यायला फेब्रुवारीतल्या एका सकाळी ज्ञानदा बोरीकर आली. रणजितची रायपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली वर्गमैत्रीण. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागले. तो लाइनवर गेला, ती चाचणी विभागात. मग वीसेक वर्षं लग्नकार्यात भेट, दिवाळीला फोन, एवढंच. ती काम कसं करते, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

व्हॅनमधून तिच्या माणसांनी पेट्या उतरवल्या. ती आधी दोन्ही ट्रान्सफॉर्मरना लांबून एक फेरी घालून आली, मग म्हणाली, "दोन्ही तपासावे लागतील रणजित."

"दोन्ही काहून? जायचा तर दोन नंबरच आहे."

"ते तू सांगून राहिला. मले अजून कोणी सांगितलं नाही."

"अवं, दिसून राहिलं ना डोळ्यानं."

"डोळ्यानं दिसते ते बाहेरचं," ती म्हणाली. "दोघं एका वयाचे आहेत. एकाचंच अंग तपासलं तर त्याले ताप आहे का तो तसाच गरम असते, हे कळणार कसं?"

रणजितनं मान डोलावली. दोन दिवस जास्त जातील एवढंच, असा त्यानं हिशेब केला. आधी दोन नंबर बंद करून सगळा भार एकवर टाकला.

ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर चिनीमातीचे उंच खांब असतात, बुशिंग म्हणतात त्यांना. त्यांच्या पोटातून वीज आत जाते आणि बाहेर येते. ज्ञानदानं त्या बुशिंगना वायरी जोडल्या आणि यंत्र सुरू केलं. आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांवर गुंडाळलेल्या कागदातून आणि भोवतीच्या तेलातून किती वीज वाया झिरपते, ते हे यंत्र सांगतं. जितका आकडा मोठा तितकं रोधन थकलेलं. पहिलाच आकडा असा आला की रणजितनं हसून हात झटकले.

"झालं ना? लिहून टाक."

ज्ञानदानं लिहिलं नाही. तिनं बुशिंगवरून बोट फिरवलं आणि बोटाचं टोक त्याला दाखवलं. काळं झालं होतं. सिलतऱ्याकडच्या कारखान्यांची बारीक धूळ वाऱ्यानं इथवर येते आणि सकाळच्या दवात चिकटून बसते.

"हे मोजलं मी आता," ती म्हणाली. "ट्रान्सफॉर्मर नाही मोजला."

मग तिनं एकेक बुशिंग स्वच्छ पुसून घेतलं. नुसतं माणसांना सांगून नाही, स्वतः शिडीवर चढून. पुसून झाल्यावर ऊन चढेपर्यंत ती थांबली. रणजितला वाटलं होतं, ही तोवर सावलीत बसेल, घरी फोन करेल. ती दोन नंबरला पाठ लावून उभी राहिली आणि त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून राहिली. काय करून राहिली म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही. किती लवकर थंड होते ते पाहून राहिले."

उन्हात कोरडं झाल्यावर पुन्हा मोजलं, तर आकडा एकदम खाली आला. एका बुशिंगचा तेवढा खराबच राहिला. ज्ञानदानं ते वेगळं काढून पुन्हा पुन्हा तपासलं, आणि मग रणजितला बोलावलं.

"हे एक बुशिंग गेलं आहे. ते बदलून टाक, लवकर. बाकी आतला माल चांगला वाटून राहिला."

"चांगला? याचा?"

"आत्तापर्यंत तरी."

दुसऱ्या दिवशी मिलांचा भार थांबवून, काही तास बंद ठेवून एक नंबर तपासला. त्याचे आकडे दोनपेक्षाही सरस आले. रणजितला हायसं वाटलं. शेवटी जगाची रीत बदलली नव्हती. जो चांगला दिसत होता तो चांगलाच निघाला होता. ज्ञानदानं दोघांच्याही तेलाचे नमुने काचेच्या बाटल्यांत घेतले आणि ती गेली. दोन नंबरचं बुशिंग रणजितनं त्याच आठवड्यात स्टोअरमधून आणून बदललं. काढून टाकायच्या यंत्रावर हा खर्च कशाला, असं मनात आलं, पण ज्ञानदानं सांगितलं होतं आणि ते त्याला टाळवेना.

तेलाचा निकाल आला तेव्हा तिनं फोन केला.

"कागद जुना होऊ लागला की त्यातून काही द्रव्यं तेलात उतरतात," ती म्हणाली. "तेल तपासलं की कागदाचं वय कळते. दोनच्या तेलात ती बेताची आहेत, वयाच्या मानानं ठीक. एकच्या तेलात जवळजवळ नाहीतच."

"मग तर सोपं झालं."

"सोपं नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या डोक्यात एक पांढरा केस नाही, म्हणून कोणी सांगितलं तर तू काय म्हणशील?"

"डाय लावली म्हणीन."

"तेच म्हणून राहिले मी. एकच्या तेलाले काही केलं होतं का तुम्ही?"

रणजित खुर्चीत सरळ झाला. दिवाळीच्या सुमारास, तो इथे बदलून यायच्या जरा आधी, एक नंबरला रंग दिला होता आणि त्याच वेळी तेल यंत्रातून काढून, गाळून, निवळून पुन्हा भरलं होतं. चांगल्या देखभालीचं काम म्हणून ते सगळीकडे सांगितलंही जात होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण तेल धुतलं गेलं तसं कागदानं त्यात जे काही सोडलं होतं तेही धुऊन गेलं होतं.

"म्हणजे तेलाले काही आठवत नाही," ज्ञानदा म्हणाली. "आता कागदालेच विचारावं लागेल."

ती पुन्हा आली. या वेळी वेगळी पेटी घेऊन, आणि पुन्हा मिलांचा भार थांबवून एक नंबर बंद केला. कागदात मुरलेलं पाणी मोजायची ती चाचणी होती, आणि ती संथ होती, अगदी कंटाळा यावा इतकी संथ. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या चालीनं सरकत होती. ज्ञानदा स्टुलावर बसून ती रेघ पाहत राहिली. मध्ये आवारातले ऑपरेटर फिरतूराम साहू यांनी चहा आणून दिला, तो निवून गेला. रणजित कचेरीतून दोनदा येऊन गेला, प्रत्येक वेळी ती तशीच. त्याच्या ओळखीत देवापुढे अशी बसणारी माणसं होती, पण यंत्रापुढे कोणी पाहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं पडदा त्याच्याकडे वळवला.

"एकच्या कागदात पाणी आहे. चांगलंच आहे. तेल कोरडं आणि कागद ओला. कागद सडतो तेव्हा पाणी स्वतःच तयार करते, आणि त्या पाण्यानं आणखी सडते. मले वाटते, एक नंबर आतून संपत आला आहे."

"आणि दोन?"

"दोनचंही मोजीन. पण तो ठणठणीत असावा असं वाटते. तूच सांग, इतकी वर्षं जड भार कोणावर होता?"

रणजितनं एक नंबरकडे पाहिलं. उत्तर त्याला माहीत होतं, प्रत्येक ऑपरेटरला माहीत होतं. दोन नंबर गळतो, आवाज करतो, म्हणून त्याच्यावर कोणाचाच भरवसा नव्हता. राइस मिल, नवे सेक्टर, सगळं ओझं एकवर; दोनवर दोनचार गावांचे हलके फीडर, म्हणजे तिकडे जाणाऱ्या लाइनी. एकामागून एक अधिकारी आले, तीच वाट चालत राहिले, आणि तोही त्याच वाटेनं चालला होता. दुखणाईत दिसणारा भाऊ सावलीत बसून राहिला होता आणि तगडा दिसणारा उन्हाळ्यामागून उन्हाळे एकट्यानं नांगर ओढत राहिला होता.

"एकवरच," तो म्हणाला.

"हं," ज्ञानदा म्हणाली. "पण हा अजून माझा अंदाज आहे. अंदाजावर चांगला दिसणारा ट्रान्सफॉर्मर काढा म्हणून कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. मले आत जाऊन कागदाचा तुकडा आणावा लागेल."

आत जायचं म्हणजे एक नंबर बंद करायचा, त्याचं सगळं तेल उपसायचं, टाकीत कोरडी हवा भरायची आणि मग वरच्या झाकणातून माणूस उतरवायचा. ते चालू असेपर्यंत सगळा भार, एकूण एक, दोन नंबरवर. ज्याला ते भंगारात काढायला निघाले होते त्याच्यावर.

अधीक्षक अभियंता श्रीपाद देव यांच्या कचेरीत रणजित हे सांगायला गेला तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. देवसाहेब नागपूरचे, निवृत्तीला आलेले, आवाज न चढवणारे.

"मोहोड, गेल्या महिन्यात तुम्हीच मला सांगितलं होतं की दोन नंबर कधीही जाईल."

"हो सर."

"आणि आता पोरांच्या बोर्डाच्या परीक्षा तोंडावर असताना सगळा भाग त्याच्या डोक्यावर ठेवायचा म्हणता."

"परीक्षा सुरू व्हायच्या आधी काम उरकू सर. बोरीकर मॅडमचं मोजमाप सांगते की दोन धरील."

"मोजमाप त्यांचं. ट्रान्सफॉर्मर पडला तर उत्तर कोण देणार?"

रणजितला कॉलेजातली ज्ञानदा आठवत नव्हती त्या क्षणी. आठवत होतं ते काळं झालेलं बोट आणि निवलेला चहा. हातात सोपा आकडा आलेला असताना जी बाई तो लिहीत नाही, तिच्या शब्दावर उभं राहायला हरकत नाही, असं त्याला वाटलं.

"मी देईन सर," तो म्हणाला.

देवसाहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि सही केली.

काम ठरलं त्या सकाळी रणजित उजाडताच उपकेंद्रात हजर होता. एकावर एक फीडर दोन नंबरवर चढत गेले. त्याची घरघर जाड झाली, जमिनीतून पायाला जाणवू लागली. तेलाच्या तापमानाचा काटा वर सरकला, आणखी सरकला, आणि एका जागी येऊन थांबला. रणजित त्या काट्यापुढून हलेना. ठीक चाललं आहे, तुम्ही बसा, असं शेवटी साहू आपल्या छत्तीसगढीत म्हणाले, "बने चलत हे साहब. आप बइठव."

"हव," रणजित म्हणाला, पण बसला नाही.

तिकडे एक नंबरमधलं तेल उतरलं, कोरडी हवा खेळली, आत श्वास घेण्याजोगी हवा आहे हे मीटरवर पाहून झालं. ज्ञानदा आत उतरायच्या तयारीला लागली. तिनं बांगड्या काढल्या, कानातले काढले, अंगठी, मग मंगळसूत्र, मग केसांतल्या पिनासुद्धा. सगळं एका रुमालात बांधून तिनं साहूंच्या हाती दिलं. अंगात बिनबटणाचा पांढरा झगा, पायात कापडी मोजे. कात्री, चिमटा, दिवा, एकेक वस्तू फितीनं मनगटाला बांधली. आत एक टाचणी जरी पडून राहिली, तरी एखाद दिवशी तिच्यातून ठिणगी पडू शकते.

"माझे माणसं दोरी धरतील," ती रणजितला म्हणाली. "पण बाहेरून कोणीतरी सारखं बोलत राहावं लागते. मी उत्तर दिलं नाही तर लगेच ओढून काढायचं."

"मी बोलतो," रणजित म्हणाला.

झाकणाचं भोक जेमतेम खांद्यांएवढं होतं. त्यातून ती पाय सोडून, अंग चोरून आत गेली. एक गुडघा तिचा दुखतो हे चढताना त्याच्या लक्षात आलं होतं. तिनं त्याचा उल्लेखही केला नव्हता. रणजित टाकीवर पालथा पडून भोकात वाकला. आतून तेलाचा उबट वास आला. खाली अंधारात तिच्या दिव्याचा गोळा हळूहळू सरकत होता.

"ज्ञानदा, बरी आहेस ना?"

"बरी आहे. बोलत राहा."

"काय दिसते?"

थोडा वेळ उत्तर नाही. त्यानं दोरीकडे पाहिलं. मग खालून आवाज आला, वेगळाच, देवळाच्या गाभाऱ्यात बोलल्यासारखा हळू.

"रणजित, हे ज्यानं कोणी बांधलं ना, काय हात असतील त्याचे. पट्टीवर पट्टी कागद गुंडाळला आहे, कुठे एक सुरकुती नाही. गाठी पाहून राहिले मी. सगळ्या सारख्या. चाळीस वर्षांपूर्वी कोण्या कारखान्यात बसून कोणी मारल्या असतील. त्यानंतर कोणी पाहिल्याही नसतील."

"आता तू पाहून राहिली."

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर वाईट वाटून राहिलं."

"काहून?"

"कागदाचा रंग गेला आहे पुरा. कत्थ्यासारखा झाला आहे. थांब, कापते."

कात्रीचा बारीक आवाज आला. मग दिवा स्थिर राहिला बराच वेळ. रणजितनं पुन्हा हाक मारली.

"आहे रे. कापल्या जागी नवा कागद गुंडाळून राहिले. उघडं ठेवून कशी येऊ?"

ती तासाभरानं वर आली तेव्हा झगा तेलानं अंगाला चिकटला होता, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. मनगटाची प्रत्येक वस्तू तिनं आधी मोजून घेतली, मगच पाणी मागितलं. काचेच्या डबीत कागदाची एक चिंचोळी पट्टी होती. तिच्यातलं एक टोक चिमट्यानं उचलून तिनं रणजितच्या तळहातावर ठेवलं.

"वाकव."

त्यानं दोन बोटांत धरून जरासं वाकवलं. पट्टी वाकली नाही. उन्हात राहून गेलेल्या तेंदूच्या पानासारखी कड्कन तुटली आणि तिचा चुरा त्याच्या हातावर पसरला.

"नवा कागद दोरीसारखा पिळला तरी तुटत नाही," ज्ञानदा म्हणाली. "शांतपणे वीज अडवायची तर हा अजूनही अडवील. चाचणीत म्हणूनच चांगला दिसला. पण बाहेर लाइनवर कुठे मोठा शॉर्ट झाला ना, की आतले वेटोळे धक्का खातात, हलतात. तेव्हा कागदानं तो धक्का सोसायचा असते. हा नाही सोसणार."

रणजित तळहाताकडे पाहत राहिला. महिनाभरापूर्वी तो या यंत्राच्या पाठीवर थाप मारून आलेल्या पाहुण्यांना दाखवत असे.

प्रयोगशाळेतही तेच निघालं. कागद म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, त्या तुटत तुटत अगदी आखूड झाल्या होत्या. कागदाचं आयुष्य तिथे संपलं असं धरतात, त्या टोकाला पोचलेल्या. दोन नंबरचीही पाण्याची चाचणी ज्ञानदानं मागाहून केली. त्याचा कागद कोरडा होता. गळती होती ती नुसत्या जुन्या रबरी पट्ट्यांची आणि घरघर होती ती खालच्या सैल पत्र्यांची.

देवसाहेबांनी दोघांना समोर बसवून सगळं ऐकलं. मग ज्ञानदाला म्हणाले, "नुकताच रंग दिलेला काढायचा आणि गळका ठेवायचा, असं वर लिहिलं तर लोक हसतील हो."

"हसू दे सर," ज्ञानदाऐवजी रणजितच बोलला. "मी पण हसलो होतो. तो कागद हातावर घेतला की हसू येत नाही."

ज्ञानदानं फक्त एवढंच जोडलं, की नवा येईपर्यंत एक नंबर हलक्या भारावर चालवता येईल, जड फीडर दोनवर टाकावेत, आणि दोनच्या रबरी पट्ट्या पावसाळ्याआधी बदलाव्यात. देवसाहेबांनी ते सगळं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

परीक्षा निर्विघ्न पार पडल्या. एप्रिलमध्ये नवा ट्रान्सफॉर्मर आला. एक नंबर पायावरून उचलून बाजूला ठेवला, आणि नव्याची जोडणी सुरू झाली. दोन नंबरच्या पट्ट्या बदलल्या, सैल पत्रे घट्ट केले, गंज घासून काढला. आवाज निम्म्यावर आला. रंगाचं साहूंनी विचारलं तेव्हा रणजित म्हणाला, सावकाश देऊ.

मे महिन्यात एका दुपारी आभाळ अचानक काळं झालं. नव्याची जोडणी अजून पुरी व्हायची होती. सगळा भार दोन नंबर एकटा ओढत होता. वावटळीनं एक जुनं मोहाचं झाड मुळासकट उपटलं आणि ते उपकेंद्राच्या अगदी जवळ, तिन्ही तारांवर आडवं झालं. रणजित नियंत्रण कक्षात होता. त्याला आधी ऐकू आला तो दोन नंबरचा आवाज, कोणी पोटात लाथ मारल्यावर बैल हंबरावा तसा, एकच, खोल. मग वीज तोडणारा ब्रेकर सुटल्याचा धडाका आणि शांतता.

तो पावसातच बाहेर धावला. टाकी फुगलेली नव्हती. आत काही जळलं की वायू ज्यात साठतो त्या वरच्या काचेच्या भांड्यात वायू नव्हता. तेल जागच्या जागी होतं. तरी त्यानं घाई केली नाही. गावांतून फोनवर फोन येत होते, ते त्यानं साहूंकडे दिले आणि ज्ञानदाला फोन लावला. जे झालं ते सांगितलं.

"चालू करू नको," ती म्हणाली. "तेलाचा नमुना काढून ठेव. निघाले मी."

ती आली तेव्हा पाऊस थांबला होता आणि आवारात गुडघाभर पाला पडला होता. तिनं सगळ्या चाचण्या घेतल्या, कोणतीही न गाळता. वेटोळी जागची हलली आहेत का, तेही मोजलं. रणजित तिच्या मागे उभा राहिला, एकदाही किती वेळ म्हणून विचारलं नाही. गावांतले लोक फाटकापर्यंत आले होते. त्यांना तोच जाऊन समजावून आला.

शेवटची वायर सोडताना ती म्हणाली, "हलला नाही. टाक भार."

फीडर एकामागून एक चालू झाले. लांब बांध्यांपलीकडच्या वस्तीत दिवे लागले. साहू फाटकाशी जाऊन लोकांना घरी जा म्हणून सांगू लागले.

रणजित म्हणाला, "ज्ञानदा, आज दोनच्या जागी एक नंबर असता तर?"

त्याला वाटलं, आता ती म्हणेल, फुटला असता. म्हणायचा तिला हक्क होता. सगळा भाग आठवडाभर अंधारात गेला असता, जळतं तेल आवारभर पसरलं असतं, आणि झाड पडलं तेव्हा साहू नेमके ट्रान्सफॉर्मरच्याच शेजारून चालले होते.

ज्ञानदानं वायर कोपराभोवती गुंडाळत जरा विचार केला.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "कदाचित टिकलाही असता. मले एवढंच माहीत होतं की त्याच्या भरवशावर राहता येणार नाही."

रणजित तिच्याकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण बरोबर होतो हे सांगायची संधी त्यानं एकदाही सोडली नव्हती, आणि इथे ही बाई ती संधी वायरीबरोबर गुंडाळून पेटीत ठेवून मोकळी झाली होती. त्याला तिच्याबद्दल जे वाटलं ते बोलून दाखवणं त्याला जमलं नसतं. त्यानं पेटीची दुसरी कडी धरली आणि दोघांनी मिळून ती व्हॅनपर्यंत नेली.

"जेवून जा घरी," तो म्हणाला. "बायकोनं सांगितलं आहे, आणल्याशिवाय येऊ नका म्हणून."

"पुढच्या वेळी नक्की. उद्या सकाळी सिलतऱ्याच्या बाजूले जायचं आहे. तिथं एक आहे, याच्यापेक्षाही म्हातारा. तिथले साहेब म्हणून राहिले, अगदी मस्त चालतो, तपासायची गरजच नाही."

"मग?"

"मग काय," ज्ञानदा हसली. "पाहून येते."

व्हॅन चिखलातून वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागली. रणजित आत गेला आणि दोन नंबरच्या काट्यापुढे खुर्ची ओढून बसला.